शाळेच्या गाडीला दोन जादा दिवे

वुओलेयोक, लॅपलंड
२४ ऑक्टोबर १९७८

ती. नीलासदादा यांस,
धाकट्या रिस्तेनचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत, हे आधी सांगते. उगाच दुसऱ्याच कुणाकडून कळायला नको.

गेल्या गुरुवारी सकाळी नेहमीसारखी वस्तीवरच्या पोरांना शाळेत नेत होते. साडेसातची वेळ, बाहेर मिट्ट काळोख. सहाही पोरं गाडीत होती. वळणावर अचानक रेनडियर समोर आलं. माझ्या गाडीचे दिवे तुला माहीतच आहेत, चार हातांपलीकडे काही दिसत नाही. ब्रेक मारला, गाडी खड्ड्यात गेली. आस्लाकच्या हनुवटीला तीन टाके पडले, बाकी कुणाला ओरखडाही नाही. रेनडियर मात्र धडधाकट निघून गेलं.

आता शिक्षण समितीचे चिटणीस सर्माला आहेत ना, ते म्हणतात की साठ किलोमीटरचा हा रस्ता पोरांसाठी धोक्याचा आहे. नाताळच्या सुटीनंतर सगळ्यांना शाळेच्या वसतिगृहात ठेवायचं, बिरेतच्या सहा वर्षांच्या इंगालाही, आणि माझी गाडी बंद.

मी दोन जुने स्पॉटलाइट आणले आहेत, जेवणाच्या ताटाएवढे. गाडी अपरच्या लांब झोतावर टाकली की तेही लागले पाहिजेत. गॅरेजवाला हेइक्की हसला. हे मोटार-रॅलीवाल्या पोरांचे खेळ आहेत, बायकांनी त्यात पडू नये, तुझा नवरा पियेरा असता तर गोष्ट वेगळी होती, असं म्हणाला. पियेरा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून गाडीचं तेल काय आकाशातून बदललं जातं?

तू गाड्यांच्या कारखान्यात वायरिंग करतोस. कसं जोडायचं ते कळव. ब्रिटावहिनींना नमस्कार. बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
रिस्तेन


गोथेनबर्ग
२ नोव्हेंबर १९७८

चि. रिस्तेन हिस,
दादाचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. आस्लाकचे टाके निघाले का?

दिव्यांचं म्हणशील तर तो नाद सोड. लहानपणी रेडिओ दुरुस्त करायला बसलीस आणि आजोबांच्या मिशा जाळल्यास, ते मी अजून विसरलेलो नाही. वीज तुझी मैत्रीण नाही. आणि सर्मालाशी वाकडं घेऊन काय मिळणार? तो खुर्चीवर, तू खड्ड्यात. हल्लीची वसतिगृहं आपल्या वेळेसारखी राहिलेली नाहीत म्हणतात. पोरांना गरम जेवण मिळतं, डॉक्टर जवळ असतो.

त्यापेक्षा तूच इकडे ये. ब्रिटाच्या इस्पितळात स्वयंपाकघरात बायका हव्या आहेत. इथे रस्त्यावर जागोजाग दिवे आहेत, रेनडियर फक्त चित्रात. नीट विचार कर आणि रागावू नकोस.

तुझा,
नीलास


वुओलेयोक
१० नोव्हेंबर १९७८

ती. दादास,
सा. न.

रागावले आहे. तरी नमस्कार लिहिला आहे, तो ठेवून घे.

तू सांगेनास, म्हणून मीच जोडले. हेडलाइटच्या अपरच्या वायरीला दोन्ही दिव्यांच्या वायरी सरळ गुंडाळल्या. सोमवारी पोरांना घरी सोडल्यावर संध्याकाळी पाचला एकटीच गाडी काढून बघितली. दादा, रस्ता असा उजळला की बर्चची झाडं मोजता येत होती! दहा मिनिटं चाललं. मग जळक्या रबराचा वास आला, फट्‌ झालं आणि पुढचे सगळेच दिवे गेले. विजेरीच्या उजेडात, खिडकीबाहेर हात काढून, चालण्याच्या वेगाने घरी आले, आणि जळलेली वायर रात्रीच बदलली. तुला हसायचं तर हस. पोरं गाडीत असताना हा प्रयोग केला नाही, एवढी अक्कल आहे मला.

पण ते गरम जेवण मला सांगू नकोस. मी सात वर्षांची होते. सप्टेंबरात त्या वसतिगृहात नेलं, ते थेट नाताळला घरी सोडलं. तिथे आपली सामी भाषा बोललं की कोपऱ्यात उभं करायचे. घरी आल्यावर आईने काहीतरी विचारलं आणि मी फिनिशमध्ये उत्तर दिलं. आई चुलीकडे वळली आणि बराच वेळ लाकडं सारत बसली. तू तिथेच दाराशी उभा होतास. ते गरम जेवण जेवून आपण काय होऊन परत आलो, ते तू पाहिलं आहेस.

इंगाचं तसं होऊ देणार नाही. माझे हात भाजले तरी चालतील. सांगायचं तर नीट सांग, नाहीतर माझी मीच शिकेन.

रिस्तेन


गोथेनबर्ग
१९ नोव्हेंबर १९७८

चि. रिस्तेन हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी जरा मान खाली घालून.

तुझं पत्र कारखान्याच्या जेवणाच्या सुटीत वाचलं. दुपारी तीन गाड्यांच्या वायरी उलट्या जोडल्या. मुकादम म्हणाला, आज काय झालं आहे. मी म्हटलं, घरचं पत्र आलं आहे. मी गरम जेवणाचं लिहिलं, कारण बाकीचं आठवलं की मला झोप लागत नाही. म्हणून तर इतक्या लांब येऊन राहिलो. माझं चुकलं.

आता लक्ष दे. सोबतच्या पार्सलात रिले, फ्यूज, जाड वायर आणि मी काढलेलं चित्र आहे. अपरची बारीक वायर एवढं ओझं पेलत नाही, म्हणून तुझी जळली. दिव्यांना वीज थेट बॅटरीतून द्यायची. बॅटरीपासून जाड वायर, वीतभर अंतरावरच फ्यूज, तिथून रिले, म्हणजे विजेने चालणारं बटण, रिलेतून दोन्ही दिवे. अपरच्या वायरीतून फक्त एक बारीक फाटा रिलेला. तो नुसती खूण करील, ओझं बॅटरी वाहील. या फाट्यावरच डॅशबोर्डपाशी एक बटण बसव. हिमवर्षावात हे दिवे लावलेस तर समोर पांढरी भिंत उभी राहील, तेव्हा ते बंद करता आले पाहिजेत. अर्थिंग देताना बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढ. निम्मी माणसं तिथेच आळस करतात. आणि सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोड. आजोबांच्या मिशा आठव.

एक गोष्ट कधी मोडू नकोस. अपर लागला तरच हे दिवे लागायचे, आणि झोत खाली करून डिपर केला की त्याच क्षणी गेले पाहिजेत. समोरून येणाऱ्याला आंधळं करून आपल्या पोरांना वाचवायचं नाही. सर्माला नेमकं तिथेच बोट ठेवील. तेव्हा त्याने बोलवायच्या आत तूच तपासणी केंद्रावर जा आणि शिक्का घेऊन ये.

भाजू नकोस. जमलं की लगेच कळव.

तुझा,
नीलास


वुओलेयोक
१३ डिसेंबर १९७८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जमलं! गोठ्यात कंदील टांगून दोन दिवस खपले. हातमोजे घातले तर स्क्रू धरता येईना, काढले तर बोटं पत्र्याला चिकटत. रिले पहिल्यांदा टक्‌ करून बोलला तेव्हा एकटीच हसत बसले.

मग एकशे दहा किलोमीटर जाऊन गाडी तपासून घेतली. तिथला म्हातारा अधिकारी फार बोलणारा नव्हता. अपर, डिपर, अपर, डिपर, वीसएकदा तरी केलं असेल. खाली वाकून फ्यूज पाहिला, अर्थिंग पाहिलं. हे कुणी केलं, असं विचारलं. मी केलं म्हटलं. त्याने एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

तो कागद घेऊन सर्मालाकडे गेले. त्याने उलटून पाहिलाही नाही. निर्णय झाला आहे, वसतिगृहात सहा खाटा टाकून झाल्या आहेत, असं म्हणाला. मी म्हटलं, एकदा माझ्या गाडीत बसून रस्ता बघा. त्याला वेळ नाही. वर सांगितलं की जानेवारीपासून माझं काम रद्द, गाडी शाळेच्या आवारात दिसता कामा नये.

तिथून निघाले ती पोरांच्या पाचही घरी गेले. कॉफी पिऊन पिऊन पोट डचमळलं. आस्लाकच्या बापाने विचारलं की आठ जानेवारीला सोमवारी किती वाजता येशील. मी म्हटलं, नेहमीच्याच वेळेला.

नाताळच्या शुभेच्छा. ब्रिटावहिनींनी पाठवलेले मोजे घातले आहेत.

तुझी,
रिस्तेन


वुओलेयोक
२६ जानेवारी १९७९

ती. नीलासदादा यांस,
रिस्तेनचा सा. न., आणि सहा पोरांचाही.

पत्राला उशीर झाला, कारण शेवट काय होतो ते कळल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आठ तारखेला नेहमीसारखी निघाले. उणे एकतीस. सूर्य नोव्हेंबरात गेला तो अजून उगवलेला नव्हता. नदीच्या उतारावर लांबवर डोळे चमकले. पूर्वी दहा पावलांवर कळलं असतं, आता तीनशे पावलांवर कळलं. गाडी हळू करून थांबवली. चाळीस-पन्नास रेनडियर रस्ता ओलांडून गेले. इंगाने कोणाच्या कानावर कुठल्या मालकाची खूण आहे ते ओळखायचा प्रयत्न केला आणि सगळ्या चुकीच्या सांगितल्या.

शाळेच्या फाटकात सर्माला उभा होता. मागे वसतिगृहाची बाई, हातात नावांची यादी. माझ्या पाठोपाठ पोरांचे आईबापही दोन गाड्यांतून आले होते. सर्माला म्हणाला, पोरांचं सामान कुठे आहे? इंगाची आई बिरेत पुढे झाली. तुला आठवते का, दुकानातसुद्धा बोट दाखवून साखर मागणारी? ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि सामीत म्हणाली, "माझी पोर रात्री माझ्याजवळ झोपेल."

सर्मालाने मला विचारलं, ही काय म्हणते? मी म्हटलं, "तीस वर्षं इथे आहात. आता शिका."

दादा, पोरं वर्गात गेली, आणि दोन वाजता मी त्यांना परत नेलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. काम रद्द झालेलं होतं. पेट्रोल पोरांचे आईबाप आळीपाळीने भरत होते. खाटा रिकाम्या राहिल्या. शेवटी समितीतले दोघे जण माझ्या गाडीत बसून सगळा रस्ता पाहून आले. समोरून लाकडांचा ट्रक आला तेव्हा मी डिपर केला, दोन्ही जादा दिवे तिथल्या तिथे गेले. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. काल निर्णय आला. गाडी चालू ठेवायला परवानगी, पण फक्त मेअखेरपर्यंत, मग पुन्हा विचार करू.

मे महिन्यात इथे रात्रीही सूर्य मावळत नाही, दिव्यांची गरजच नसते, हे समितीला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलं नाही. सप्टेंबरात काळोख परत येईल, तेव्हा तेही येतील. येऊ देत. एक जादा फ्यूज पाठवून ठेव.

ममता कमी करू नकोस, आणि या उन्हाळ्यात ये. खोली झाडून ठेवते.

तुझी,
रिस्तेन