कौल सुटेपर्यंत

आबा, मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मी मोरीत घसरलो. डोकं कठड्यावर आपटलं. उठलो, पिंप भरलं, चहा घेतला आणि कुणाला काही बोललो नाही. तुम्हीही तेच केलं होतंत. आंब्यावरून पडलात, धोतर झटकलंत आणि हसलात, "मेलो नाय अजून, चाय टाका."

बुधवारी जेवताना मुलगी नर्सिंगच्या अभ्यासातलं सांगत होती. "पप्पा, डोक्याला मार लागला की मेंदूतल्या सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. काही तिथल्या तिथे जातात. मग आत सूज येते, दाब वाढतो, रक्त पोचत नाही, आणि बाकीच्या मरत राहतात. तासन् तास, कधी कधी दिवस."

"आणि माणूस?"

"माणूस चहा पीत असतो ना!"

"जेवताना मेंदू नको गं," बायको म्हणाली, "आधी भाजी संपव." दोघी हसल्या. माझा घास तोंडातच फिरत राहिला.

तेव्हा, आंब्यावरून पडल्यावर, तुम्ही असेच गुंगीत जात होतात. काका म्हणाले, रत्नागिरीला नेऊ. मी एकोणीस वर्षांचा. म्हणालो, देवाला विचारल्याशिवाय नको. गुरवाने कौल लावला, देवाच्या अंगाला दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर न्यायचं, डावी पडली तर नाही. दुपार सरली तरी दोन्ही चिकटून. मी देवळात हात जोडून उभा आहे, आणि तिकडे घरी तुमच्या डोक्यात ते मरणं चालू आहे. दिवेलागणीला उजवी पडली. देवाने न्या म्हटलं होतं. तोवर तुम्ही मला ओळखेनासे झाला होतात.

आज सकाळी पूजेत रोजचं स्तोत्र मध्येच अडलं. लहानपणापासूनचं पाठ, पण पुढची ओळ येईना. आणि मी काय करावं? देव्हाऱ्यातल्या मूर्तीला तगरीच्या दोन कळ्या लावल्या आणि समोर बसलो. पाचेक मिनिटं बसलो असेन. मग उठून बायकोला हाक मारली, "मंगळवारी पडलोय मी. दवाखान्यात चल."

"आणि इतके दिवस तोंडात काय तांदूळ भरले होतेत?" रिक्षात ती भाईंदर संपेपर्यंत रडत रडत बोलत होती.

डोक्याचा स्कॅन झालाय. रिपोर्ट यायचाय. बाकड्यावर बसून हे लिहितोय; घडी घालून खिशात ठेवीन. निघताना देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही, आबा. डावी पडलेली दिसली असती, तर मी थांबलो असतो.