तलावातली जांभळी फुलं

७ ऑगस्ट, संध्याकाळ

तलावभर पसरलेल्या जलकुंभीचं काय करायचं, ते आज ग्रामसभेत ठरणार होतं. सरपंच म्हणाले, तणनाशक फवारू. मी ओरडलोच, "अन् मासे मेले तर भोयांनी काय खावं?"

"कॉलेज सोडून आला अन् आम्हाले शिकवून राह्यला? ही आली कुठून, ते सांग आधी!" सरपंच उखडले.

मलेच तर माहीत. दोन वर्षांमागं रेवतीच्या घरच्या महालक्ष्म्यांसाठी मीच आणली, फुलं सुकू नयेत म्हणून मुळांसकट. जांभळी फुलं पाहून कशी हसली होती! मग निर्माल्य उकिरड्यावर कसं टाकायचं, म्हणून तिच्या घरच्यांनी तलावात सोडलं. मुळांसकट कायले आणली मी?

शेवटी उठलो. "मीच आणली. हातानं उपटतो, औषध मारू नका."

"कोणासाठी रे?" कोणीतरी खिदळलं. मी रेवतीचं नाव नाही घेतलं.

पोळ्यापर्यंत मुदत मिळाली. नामदेवकाका भोई डोंगा देतो म्हणाला. दुपारभर उपटली, तरी काठसुद्धा मोकळा नाही.

पोळ्यानंतर महालक्ष्म्या. रेवती सासरहून, घाटंजीहून येईल. तलावाशी थांबून म्हणेल, "एवढी छान फुलं होती म्हणे, काहून उपटली रे?"