बाहेरून बसवलेला नकाशा

बाबा,

मी गाडी घेतली. नवी, पांढरी, माझ्या नावावर. तुम्हाला कळवायची काही गरज नव्हती. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, आणि होतात तेव्हाही माझं काही ऐकून घ्यायला तुम्हाला कधी सवड नव्हती. पण गाडी घेताना तुमच्यावरून माझं डोकं असं फिरलं की कुणाला तरी बोलल्याशिवाय राहवेना, आणि बोलायचं होतं ते तुम्हालाच. खानावळीतली दुपारची पानं उठली आहेत, हे आत घोरतायत, म्हणून बसले लिहायला. मध्येच "गप रव गो" म्हणायला तुम्ही समोर नाही, एवढं एक बरं आहे.

गाडी घेतली ती फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायला. माझा मसाला, सुके बांगडे आणि आमसुलं तिथली चार दुकानं घेतात. इतकी वर्षं एसटीत पोती चढवून कंडक्टरची बोलणी खाल्ली. चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकले. घाट चढेन, पण कोल्हापुरातल्या गल्ल्या मला ठाऊक नाहीत, म्हणून गाडीत रस्ता दाखवणारा पडदा हवा होता. त्यात दोन प्रकार निघाले. एक कंपनीनेच आत बसवलेला. तो सगळ्यात महागाच्या मॉडेलातच मिळतो, पण नकाशा गाडीच्या पोटातच असतो, घाटात मोबाईलची रेंज गेली तरी अडत नाही. दुसरा बाहेरून बसवून घ्यायचा. साधं मॉडेल घ्यायचं, दुकानात नेऊन पुढचा रेडिओ काढायचा आणि तिथे मोठा पडदा लावायचा. स्वस्तात होतं, हवं ते त्यात भरता येतं, पण एकदा वायरी कापल्या की कंपनी वॉरंटीतून अंग काढून घेते. ह्यांचं ठाम मत, कंपनीचाच घे. "आतलो तो आतलो," म्हणाले. "भायरसून लावलेलो कधी दगो दियत, सांगूक येणा नाय." त्यांनी साध्या मनाने म्हटलं. पण माझं पित्त खवळलं, कारण हेच मी तुमच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं. तुमच्या भावाचा झील, तुमचा पुतण्या, तो आतला. मी पोटची, तरी "चेडू दुसऱ्याच्या घरचा", म्हणजे बाहेरची.

तुमचा धंदा तुम्हालाच समजावून सांगते आज. मला तो कुणी शिकवला नाही, इथून तिथून ऐकून मी जमवला, म्हणून मुद्दाम सांगते. खोल पाण्यात बुडालेला एक खडक, त्याच्याभोवती तांबोशी आणि हेकरू, महागाचे मासे. वरून पाहिलं तर सगळीकडे पाणीच. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू बघायच्या, एक पुढची, एक मागची, आणि त्या एकावर एक येईपर्यंत होडी सरकवायची. ही एक खूण. तशीच दुसरीकडच्या दोन वस्तूंची दुसरी. दोन्ही एकाच वेळी जुळल्या की गळ टाकायचा, खडक बरोबर खाली. एकच खूण जुळली तर नुसतं फिरत बसायचं. म्हणून खूण म्हणजे घरचं सोनं. तुम्ही खलाशांनासुद्धा ताकास तूर लागू दिली नाहीत. त्या खडकावर पोहोचायच्या आधी त्यांना उलटं तोंड करून बसवायचात, आणि ते बसायचे, कारण मासा मिळायचा.

मी दहा वर्षांची असेन. होडी वाळूत ओढून ठेवली आहे, टोपलीत लाल तांबोशी आहेत, चार माणसं भाव करत उभी आहेत. मी कुणकेश्वराच्या कळसाकडे बोट करते आणि विचारते, "बाबा, त्या कळसावरसून कळता काय, खय थांबूचा ता?" तुम्ही माझ्या हातावर असा फटका मारता की काचेच्या दोन बांगड्या फुटतात. "तुका काय व्होडी चलवची आसा?" असं सगळ्यांसमोर विचारता, आणि ती माणसं हसतात. तुमचा पुतण्या शेजारीच उभा आहे, माझ्याच वयाचा, नाक वाहतंय. पुढल्या वर्षी तुम्ही त्याला उचलून होडीत घेतलंत. मला काय दिलंत, तर लग्नात एक आडाळो, मासे चिरायला. चांगल्या लोखंडाचा होता, ते कबूल करते. पण पोरीला कुठे बसायचं तेवढं दाखवून दिलंत, बाकीचं तिचं तिने शोधावं.

आणि ती शेवटची दुपार. सासर सोडून दोन महिने मी तुमच्यापाशी राहिले होते. पेज भरवली, कूस बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. पुतण्या चार-पाच दिवसांनी डोकवायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि निघायचा. त्या दुपारी तुम्ही त्याला निरोप धाडून बोलावून घेतलंत. तो आला, ओल्या चड्डीनेच खाटेवर बसला, आणि तुम्ही मला म्हणालात, "बाय, वायच भायर जा गो." माझ्या हातात तुमची पेजेची वाटी होती. मी स्वयंपाकघरात गेले, वाटी खाली ठेवली आणि दाराआड भिंतीला लागून उभी राहिले. इतकी वर्षं होडीत घेऊनही त्याला न सांगितलेली खूण तुम्ही सांगायला लागलात. शाळेच्या कौलांचं टोक डोंगराच्या खिंडीत बसवायचं. मी ऐकलं. त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि होडी, जाळी, गळ, सगळं त्याच्या दारी गेलं. माझ्या मनात होडी नव्हतीच कधी. दोन महिने मी तुमचं सगळं केलं आणि शेवटी तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत, हे मात्र बावीस वर्षं मनातून जात नाही.

ज्याच्यासाठी मला बाहेर काढलंत, त्याने तुमच्या खुणेचं काय केलं ते ऐका. वर्षा-दोन वर्षांत त्याने होडीवर जीपीएसचा डबा बसवला, खडकावर उभं राहून बटण दाबलं आणि जागा डब्यात भरली. मग काय, बाण दाखवेल तिकडे होडी. किनाऱ्याकडे मान वर करून बघायची गरजच उरली नाही. यंदाच्या पावसाळ्यात डब्यात पाणी शिरलं आणि सगळं पुसलं गेलं. लिहून कुठे ठेवलेलं नाही. गेल्या सोमवारी तो माझ्या खानावळीच्या पडवीत येऊन बसला. जेव म्हटलं तर जेवेना. वाळलाय तो, बाबा, तुम्हाला ओळखू आला नसता.

"बाय, एक इचारू?" म्हणाला. "खडपाची खूण काकांनी तुका कधी सांगलेली काय?"

"तुका सांगलेली ना? दार लावन सांगलेली."

"एक आठवता. कळस काळ्या खडपाच्या माथ्यार हाडूचो. दुसरी आठवणा नाय." मान खाली घालूनच बोलत होता. "सगळो सिझन फिरतंय, रिकामो येतंय. असाच चल्ला तर दसऱ्याक व्होडी इकूची लागतली. मगे दुसऱ्याच्या ट्रॉलरार खलाशी."

मी म्हटलं, "माका सांगलेली. तुझ्या आदी सांगलेली."

त्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत आधी आश्चर्य होतं, मग जरा दुखल्यासारखं झालं. तुम्ही त्याच्या आधी मला सांगितलंत, हे त्याला लागलं. ते लागलेलं बघून मला जे बरं वाटलं ते काय सांगू. "मगे सांग गो," म्हणाला. मी म्हटलं, "बघूया," आणि उठून सोलकढीचं पातेलं उगाच ढवळत बसले. थोडा वेळ वाट बघून तो गेला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं कणकवलीला शोरूममध्ये गेलो. तिथल्या माणसाने महागाच्या गाडीत बसवून कंपनीचा पडदा दाखवला. आवाज गोड, चित्रं झकास. हे तर खूशच. मी नकाशा बोटाने सरकवत आपल्या किनाऱ्यावर आणला आणि पाण्यात बोट दाबून धरलं. पडद्यावर अक्षरं आली की या जागेला जाणारा रस्ता नाही, रस्त्याजवळची जागा निवडा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तो माणूस हसायला लागला. "मॅडम, गाडी घेऊन समुद्रात कशाला जायचंय?" हेसुद्धा हसले. मी गाडीतून उतरले आणि सांगितलं, मला साधं मॉडेल द्या, पडदा मी बाहेरून लावून घेईन. घरी येईपर्यंत हे वॉरंटी, वॉरंटी करत होते. मी म्हटलं, स्वस्त पडतं म्हणून. पैशाचं कारण दिलं की ह्यांना पटतं.

शुक्रवारी गाडी हातात आली आणि शनिवारी मी एकटीच ती दुकानात घेऊन गेले. मिस्त्री माझ्याच वयाचा, हात काळे, बोलणं कमी. पडदा बसवून झाल्यावर मी त्याला नकाशात चार जागा दाखवायला लावल्या. आपली शाळा, तिच्या मागची खिंड, देवळाचा कळस आणि किनाऱ्यावरचा काळा खडक. मग त्याच्याच पेटीतल्या वायरीचे दोन तुकडे मागून घेतले. एक पडद्यावरच शाळेवरून आणि खिंडीवरून ताणून पार पाण्यापर्यंत नेला, तो त्याला धरायला लावला. दुसरा कळसावरून आणि खडकावरून मी ताणला. दोन्ही वायरी पाण्यात एका जागी एकमेकींवरून गेल्या. मी तिथे बोट दाबून धरलं आणि तिथे एक लाल ठिपका उमटला.

"वैनी, हय पाणी आसा," मिस्त्री म्हणाला.

"माका दिसता."

"गाडी जावची नाय थय."

"तू ठेव तो तसोच."

त्याने ठेवला. ह्या पडद्याने रस्त्याबिस्त्याचं काही विचारलं नाही. काल फोंड्यापर्यंत गाडी नेऊन आणली. घाटाखाली रेंज गेली आणि नकाशा अर्धवट पांढरा पडला, ह्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण परत घराजवळ आले तेव्हा ठिपका पाण्यात होता तिथेच होता.

आता जे अजून कुणाला बोलले नाही ते. तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. त्या दुपारी दाराआडून मला खिंडीची खूण ऐकू आली ती एवढ्यामुळेच, की ती तुम्ही नेहमीच्या आवाजात सांगितलीत. मग मी पाय बदलला आणि माझी बांगडी भिंतीला लागली. तुम्ही थांबलात. आणि दुसरी खूण सांगताना तुम्ही आवाज खाली केलात. मी तिथे आहे हे कळल्यावर, बाबा. मरायला टेकलेल्या माणसाने, जिने त्याला तासाभरापूर्वी पेज भरवली होती तिला ऐकू जाऊ नये म्हणून. ह्याची माफी तुम्हाला नाही. आज मागितलीत तरी नाही. ती दुसरी खूण मला मिळाली गेल्या सोमवारी, तुमच्या पुतण्याकडून. मी खोटं बोलले आणि त्याने भोळेपणाने आपल्याकडची अर्धी माझ्या पडवीत ठेवून दिली.

दसरा बारा दिवसांवर आलाय. फोनवर त्याच्यासाठी एक ओळ लिहून ठेवली आहे, शाळेच्या कौलांचो कोनो खिंडीत बसय. एवढीच. ती गेली की उद्या पहाटे तो खडकावर असेल आणि होडी वाचेल. त्याच्या घरात चार खाणारी तोंडं आहेत, तीही मला ठाऊक आहेत. त्याच्यावर माझा तसा रागही उरलेला नाही. चार दिवस झाले, मी फोन उघडते, ओळ वाचते आणि बंद करते. आज सकाळी तो रिकामी टोपली घेऊन माझ्या दारावरून गेला, आणि मी गाडीत बसून त्या ठिपक्याकडे बघत होते. एवढ्या मोठ्या पाण्यातली ती जागा आजच्या घडीला एकट्या मलाच माहीत आहे. तुम्हाला इतकी वर्षं काय वाटत असेल ते मला कळलं. आणि मला ते आवडतंय, बाबा.