सात वाजताची उजळणी

८ फेब्रुवारी, रविवार. अमरावती
फिजि. - थर्मो. दुसऱ्यांदा. केमि. - तेच, त्यांच्या चिन्हांनी. बायो आज नाही.
टेस्टमध्ये दोन प्रश्न गेले, दोन्ही चिन्हांचे. फिजिक्समध्ये वायूने केलेलं काम धन, केमिस्ट्रीत वायूवर केलेलं धन. हे मला आठवीपासून येतं. बाबांनी सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबायला लावून शिकवलं होतं. "काम कोनं केलं, तू का हवेनं? हे आधी ठरव, मंग चिन्ह टाक." तरी गेले. मेडिकलच्या परीक्षेचं हे दुसरं वर्ष. तिसरं वर्ष घेणार नाही. घरात कोणी तसं म्हटलेलं नाही, मीच ठरवलं आहे.
सातला बाबांचा फोन. रोजच्यासारखे वीस प्रश्न, तोंडी, कागद-पेन घ्यायचं नाही. बरोबर असलं की "पुढे". चुकलं की ते गप्प बसतात. चौथीपर्यंत शाळेत माझी फक्त हजेरी होती, शिकवलं सगळं त्यांनीच, त्यामुळे ते गप्प बसलेले मला फोनवरसुद्धा दिसतात.
आज केमिस्ट्रीचं काम मी ऋण सांगितलं. गप्प. मग म्हणाले, "चूक. वायूनं केलं ना? धन." मी म्हटलं, बाबा, ते फिजिक्समध्ये. "वायू दोन्हीकडं एकच हाय, रेवती."
नंतर शोधलं. जुन्या पुस्तकांत केमिस्ट्रीतही तसंच असायचं. म्हणजे ते चुकले नाहीत, जुन्या पुस्तकाने बोलले. असंच असेल.

१२ फेब्रु., गुरुवार
आयनिक समतोल. बफर जमतं. विद्राव्यता गुणाकारात घातांक विसरते.
फोनवर बॉइलचा नियम तीनदा विचारला. तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखा. मी तिन्ही वेळा उत्तर दिलं. शेवटी म्हणाले, "विसापैकी वीस. शाबास." अठराच प्रश्न होते. वहीत १८/१८ लिहिलं. पण त्यांना सांगितलं नाही, म्हणजे वीसची शाबासकी घेतलीच ना मी.
मावशी म्हणाली, "रिटायर मानूस, थोडंफार होते. तू अभ्यास कर." मावशीकडे राहते, तिचंच खाते, तिच्याशी वाद कसा घालणार.

१५ फेब्रु., रविवार. अकोला
शिवरात्रीची सुटी म्हणून घरी आले. बस मूर्तिजापूरला पाऊण तास बंद पडली. तिथे बसून पी-ब्लॉक वाचलं.
बाहेरच्या खोलीत बाबांच्या शिकवणीची दहावीची सात मुलं बसली होती. पुढच्या महिन्यात त्यांचा विज्ञानाचा पेपर. मी साबुदाण्याच्या उसळीच्या वाट्या घेऊन दारात आले, आणि फळ्यावर पाहिलं: अंतर्गोल भिंगाचं नाभीय अंतर धन.
श्रावणी नावाची मुलगी आहे, चुणचुणीत. म्हणाली, "सर, पुस्तकात तर ऋण हाय."
"पुस्तक वाचून शिकली असती तर इथं कायले येती तू? लिही."
सगळे हसले. श्रावणीही हसली आणि तिने लिहिलं. सातही जणांनी लिहिलं.
मी वाट्या ठेवल्या आणि आत गेले. भिंगाला जुनं पुस्तक, नवं पुस्तक असं काही सांगता येणार नाही, कारण हेच पुस्तक बाबा इतकी वर्षं शाळेत शिकवत आले.
आईला सांगितलं. ती वाती वळत होती, मान वर केली नाही. "भिंगाचं मले काय समजते? परवा दूध आनायले गेले अन् रिकामे आले. मी म्हनलं, दूध? तर म्हने, तू सांगितलंच कुठं." मग म्हणाली, "तू कोनाले बोलू नको." म्हणजे तिला माहीत आहे. कधीपासून, ते विचारवलं नाही.

१६ फेब्रु., सोमवार. सकाळी, बसमध्ये
हे लिहून ठेवते, नाहीतर नंतर मी ते स्वतःला सोपं करून सांगेन.
मुलं रविवारी वह्या ठेवून जातात, सोमवारी दुपारी नेतात. बाबा तपासताना चुकीला लाल गोल करतात आणि सोडून देतात. बरोबर काय ते मुलाने शोधायचं. मलाही त्यांनी असंच शिकवलं. उत्तर सापडेपर्यंत मी रडायचे, आणि ते शेजारी बसून पेपर वाचायचे.
आज सहाला उठून सातही वह्या पाहिल्या. भिंग. गंजाचं सूत्र, त्यात पाणीच नाही. भिंगाची शक्ती काढताना सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत. एककावरून मला उपाशी बसवणारे बाबा. प्रत्येक वहीत एकाच जागी तीच चूक, म्हणजे फळ्यावरून उतरलेली. सगळ्या मिळून वेगवेगळ्या अकरा.
त्यांचं लाल पेन घेतलं. गोल केले. पेपर महिन्यावर आहे, मुलं कधी शोधणार, म्हणून शेजारी उत्तरही लिहिलं. माझं अक्षर त्यांच्याच अक्षरावर वळलेलं आहे. काही अवघड गेलं नाही. खाली त्यांची सहीसुद्धा केली.
सही केली नसती तरी चाललं असतं.

१९ फेब्रु., गुरुवार. अमरावती
फिरती गती, जडत्व आघूर्ण. सात वाजले, सव्वासात, साडेसात. आईला फोन केला तर म्हणाली, "झोपले." मागून बातम्यांचा आवाज येत होता. आई बातम्या लावत नाही.

२० फेब्रु., शुक्रवार
सातला फोन.
"वह्या तू तपासल्या."
मी हो म्हटलं.
"अक्षर माझंच हाय. सही बी. पन मी उत्तर लिहून देत नाही." मग म्हणाले, "अकरा जागा मोजल्या मी. सगळ्या माझ्याच होत्या का?"
मी म्हटलं, दोन चुका मुलांच्या होत्या.
"दोन," म्हणाले. "चूक सांगायची असते, रेवती. मास्तरच्या नावानं झाकायची नसते." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग लगेच, "चाल, पहिला प्रश्न."
वीस प्रश्न विचारले, सगळे नीट, एकही दोनदा नाही. पानं उलटल्याचा आवाज येत होता. बाबांनी पुस्तक समोर घेऊन मला कधी विचारलं नव्हतं.
मुलांची एकही नव्हती. दोन हा आकडा माझा.

१ मार्च, रविवार
बाबांनी वर्ग बंद केला. पालकांना सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन आहे. मुलं जठारपेठेतल्या दुसऱ्या क्लासला गेली, ऐन पेपरच्या तोंडावर. श्रावणीने मला मेसेज केला: ताई, सरांना कसं आहे, आमचं काही चुकलं का. उत्तर दिलेलं नाही. काय देऊ?
आई फोनवर: "आता दिवसभर काय करतीन ते, तूच सांग." दोष देऊन म्हणाली नाही. मी तो घेतला.
आज अभ्यास - शून्य. लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिलं.

१४ मार्च, शनिवार
विद्युतचुंबकीय प्रवर्तन झालं. लेंझ झाला. प्रत्यावर्ती धारा राहिली.
आईने बाबांना अकोल्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. बाबा म्हणाले, "कोनतं? लंबकाचं का सेलवालं?" आणि लंबकाचं काढून खाली आवर्तकाळाचं सूत्रही लिहिलं. डॉक्टर हसले. त्याआधी तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते. पाच मिनिटांनी त्यांतला एकही सांगता आला नाही. आई हे सांगताना मध्येच थांबली आणि "कुकर झाला" म्हणून फोन ठेवला.
नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, मेंदूचं स्कॅनिंग करायचं. तारीख मिळाली २८ एप्रिल.

१६ मार्च, सोमवार
आईने ती तारीख बदलली. माझी परीक्षा ३ मेला, म्हणून. आता जूनमधली मिळाली. मला न विचारता.
मी म्हटलं, एप्रिलचीच ठेव. "अन् तू नागपुरात येशीन, रिपोर्ट हातात घेऊन बसशीन, अन् मंग पेपर देशीन? तुले काय मी ओळखत नाही?" मी पुन्हा म्हटलं, ठेव. "पेपर होऊ दे."
दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं, असं मला वाटतं. आणि ऐकलं नाही ते बरं झालं, असंही त्याच क्षणी वाटलं. दोन्ही खरं आहे.

५ एप्रिल, रविवार
फोन अजून सातलाच. आज प्रश्नाबरोबर उत्तरही वाचलं. "आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा कशावर अवलंबून असते, फक्त तापमानावर." मी थांबले, विचार केल्यासारखं केलं, मग म्हटलं, फक्त तापमानावर. "पुढे."
पुढचे पाच तसेच. पाचही वेळा मी थांबले. एकदा मुद्दाम चुकले. ते गप्प बसतील म्हणून वाट पाहिली. "पुढे" म्हणाले.

१२ एप्रिल, रविवार
दोन दिवस वाया घालवले.
शुक्रवारी एक विचार आला तो जाईना: हे सुरू कधी झालं? मी आठवीत असताना? दहावीत? माझा सगळा पाया बाबांनी घातलेला आहे. त्यातलं काय काय खोटं आहे, हे मला कळणार कसं? ट्रंकेतल्या जुन्या वह्या मावशीकडे आहेत. आठवी ते दहावी, सगळ्या पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिल्या. गती, मोल, संयुजा, विद्युतधारा, आवर्तसारणी.
एकही चूक नाही. एक गोलसुद्धा चुकीच्या जागी नाही.
मला आनंद व्हायला हवा होता. मावशी पाणी घेऊन आली आणि मी तिच्यावर ओरडले.

१९ एप्रिल, रविवार
पूर्ण टेस्ट. फिजिक्स १८० पैकी ९८. केमि. बरं. बायो चांगलं. फिजिक्सने मारलं तर मारलं.
कूलरमधलं पाणी दुपारी दोनदा भरावं लागतं. पुस्तकाचं पान घामाने बोटाला चिकटतं. काल प्रकाशीय उपकरणं करताना भिंगापाशी आले आणि उठून गेले. आज बसले, केलं.

३ मे, रविवार. अकोला
परीक्षा झाली. केंद्र घरापासून दोन चौक दूर. आई-बाबा दोघंही आले. आईने कानातले काढून घेतले, पिशवीत ठेवले, पुन्हा काढून मोजले. बाबांनी डोक्याला दुपट्टा बांधला होता. गेटपाशी त्यांनी मला थांबवलं.
"ॲव्होगॅड्रो?"
सांगितला.
"एकक?"
"पर मोल."
"जाय."
मागची एक मुलगी हसली. मला हसू आलं नाही, पण सकाळपासून चाललेलं सूत्रांचं घोकणं थांबलं.
फिजिक्स लांब होतं. चार सोडले. सात-आठ नुसते अंदाजाने लावले, लावायला नको होते. एकशे दहाच्या वर जात नाही, असं वाटतं. बाहेर आले तेव्हा बाबा शेजारच्या पालकांना कूलर हवा गार कसा करतो ते समजावत होते, बाष्पीभवनाची उष्णता वगैरे. अगदी बरोबर सांगत होते. तो माणूस मान डोलवत होता. मी थोडा वेळ लांबच उभी राहिले.

५ मे, मंगळवार
क्लासने उत्तरतालिका पाठवली, तिची प्रत काढून आणली. बायो मी तपासलं: ७८ बरोबर, ८ चूक. बरोबरला चार, चुकीला उणे एक, म्हणजे ३०४.
फिजिक्सचं पान उघडत होते, तर बाबांनी हात पुढे केला. "बाकीचं इकडं दे. आपला पेपर आपन तपासत नाही." पहिलीपासूनचा नियम आहे. आईने माझ्याकडे पाहिलं. मी दिला.
दोन तास बसले. लाल पेन, चष्मा, शेजारी पाण्याचा तांब्या. मधे एकदाच आवाज दिला, "एकोनपन्नास नंबरले काय लावलं, तीन का चार?" मी तीन सांगितलं.
मग बाहेर आले. फिजिक्स ३६ बरोबर, ५ चूक, १३९. केमिस्ट्री ३८ बरोबर, ६ चूक, १४६. एकूण ५८९. गुणाकार, वजाबाकी, सगळं मनातल्या मनात. आकडेमोड मी तिथेच पडताळली, चोख आहे. पण बेरजेच्या आधी एकेक उत्तर जुळवून पाहायचं असतं, ते कसं पाहिलं?
५८९ असतील तर सीट आहे.
आई देवापुढे साखर ठेवायला गेली, मग मावशीला फोन, मग शेजारी. कितीतरी दिवसांनी तिचा असा आवाज ऐकला.
फिजिक्स १३९? अंदाजाने लावलेले सगळे बरोबर आले तरच.
येऊ शकतात. येतात कधीकधी.

७ मे, गुरुवार
काल दिवसभर पेपर उघडला नाही. सांगितलं, डोकं दुखतं. दुखतच होतं.
आज सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. फळा ओल्या फडक्याने पुसला, दोन महिन्यांची धूळ. म्हणाले, "पाचशे एकोननव्वद. एवढा मोठा पेपर तपासला, एक जागा अडली नाही. सोमवारपासून नववीच्या पोट्ट्यांना बोलावतो. काय म्हनतं?" आई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी दुसरीकडे पाहिलं.
त्यांचं तपासणं बरोबर असेल तर मला सीट आहे आणि बाबाही ठीक आहेत. नसेल तर दोन्ही नाही. मध्ये काही नाही. आणि हे कळायला निकालाची वाट पाहायचीही गरज नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.
मी म्हटलं, बोलवा की.
मग उठून आत आले. नववीची मुलं येतील, वह्या उघडतील, ते फळ्यावर लिहितील आणि ती उतरवतील. सोमवारला चार दिवस आहेत.
बाहेरून बाबा: "पाहून घेतलं का एकदा?"
"पाहते," म्हटलं.
"पाय. काही राहिलं असन तर सांग मले."
दार लोटलं आहे. पेपर समोर आहे. फिजिक्स, पहिला प्रश्न. मी दोन नंबरवर खूण केली आहे, शेजारी त्यांची लाल टिक. तालिकेची घडी मी अजून उघडलेली नाही.