सातवा सामना आणि नवरदेवाचा कान

त्सुकुबा, जपान

तीर्थस्वरूप नंदूकाकांच्या चरणी निहारचा नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो असे बाबांकडून कळले, बरे वाटले. काकूंनाही नमस्कार. आम्ही दोघे कुशल आहोत (स्वप्ना माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृतीने उत्तम आहे).

येत्या रविवारी पुण्यात आपल्या राधिकाचे लग्न. तिला सख्खा भाऊ नाही, तेव्हा नवरदेवाचा कान पिळण्याचा मान या चुलतभावाचा, आणि माझे शनिवारचे विमानही ठरले आहे. त्यात एक बारीकशी अडचण उद्भवली आहे. ती कळण्यासाठी आपल्याला थोडे बेसबॉल समजून घ्यावे लागेल. घाबरू नये, मी पायरीपायरीने सांगतो.

इथल्या अंतिम मालिकेत सातांपैकी चार सामने जिंकणारा संघ विजेता. आता समजा, एक संघ खरोखर सरस आहे. शंभर सामन्यांत पंचावन्न जिंकेल इतका. तरी अशा शंभर मालिकांपैकी तो सुमारे एकसष्टच जिंकेल. उरलेल्या एकोणचाळीस वेळा कमजोर संघ करंडक नेतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्याच्या जिद्दीवर अग्रलेख लिहितात. (किती सुंदर गणित आहे हे!) आमचे मोरिता प्राध्यापक याच विषयातले अधिकारी. योगायोगाला अर्थ चिकटवणे हा मानवी मेंदूचा जुना आजार आहे, हे त्यांचेच वाक्य.

पहिला सामना पाहायला त्यांनी मला घरी बोलावले. त्यांचा संघ मार खात होता. स्वप्नाचा फोन आला म्हणून मी बाल्कनीत गेलो, तोच आत जल्लोष झाला. मी आत आलो आणि संघ हरला. दुसऱ्या सामन्याला मोरिता-सानांनी (सान म्हणजे आपले 'राव') बाल्कनीत एक खुर्ची आणि घडी घातलेले पांघरूण ठेवले होते. तेव्हापासून मी बाहेर कुडकुडलो ते तिन्ही सामने संघ जिंकला. एकदा पाणी प्यायला आत डोकावलो, हरला. एकदा सर्दीमुळे घरीच राहिलो, तेव्हाही हरला. बरोबरी झाली, आणि पावसाने पुढे गेलेला सातवा सामना नेमका रविवारी, आपल्या मुहूर्ताच्याच वेळी आहे.

"जा की, निहार-सान. बहिणीचे लग्न आहे," मोरिता-सान म्हणाले आणि त्यांनी दातांतून लांब श्वास ओढला. (जपानात हा श्वास म्हणजे नकार.) पुण्यात असलो तरी मी त्यांच्या खोलीबाहेरच असेन, हे मी निदर्शनास आणले. त्यावर ते म्हणाले, "सर्दीच्या दिवशीही बाहेरच होता. पुणे बाल्कनीत मोडते, असे मानायला आपल्याकडे आकडेवारी नाही." शास्त्रीयदृष्ट्या हे मला मान्य करावे लागले.

"एवढं शिकलात दोघं, आणि अक्कल ठेवलीत बाल्कनीत!" स्वप्ना कडाडली. "तू बस तिथे. मी जाते, मीच पिळते कान!" त्यानंतर अबोला.

माझ्या बाहेर असण्याने चेंडूला काहीही फरक पडत नाही, हे मी आपल्याला लेखी देतो. मात्र एवढ्या सुंदर प्रयोगाचे शेवटचे निरीक्षण चुकवणे मनाला पटत नाही.

आपला आज्ञाधारक,
निहार

ता.क. मुहूर्त तसा काढीवच आहे. कार्यालय मिळाले त्या तारखेला गुरुजींनी बसवलेला. तो मंगळवारी बसेल का?

आणखी एक ता.क. नाही बसला तरी काळजी नसावी. मोरिता-सान स्वतःच माझ्याबरोबर येत आहेत. वधूपक्षाच्या खोलीत ते मोबाइलवर सामना पाहतील, मी बाहेर उभा राहीन. कान पिळायला ते मला डाव बदलताना सोडणार आहेत. तेवढा लाजाहोम गुरुजींना त्या बेताने घ्यायला सांगावे.