शेवटाआधीची दोन पानं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, लग्न केलेलं नाही आणि त्याचा पश्चात्तापही नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी म्हणते म्हणून कोणी मानू नये; समोरच्या डॉक्टरांचा तसा दाखला घेतला आहे, आणि डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे आधी दोन ठिकाणी विचारून घेतलं आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सही करताना माझा हात कोणी धरणार नाही. हे वाक्य कोणासाठी आहे, ते जिला कळायचं तिला कळेल.

छातीचं दुखणं आहे, जिना चढताना जाणवतं. गोळ्या चालू आहेत. त्या खऱ्या आहेत की खडूच्या, देव जाणे.

हे मृत्युपत्र आठ पानांचं असून मी ते स्वतः शिवलं आहे. सुट्या कागदांवर माझा विश्वास नाही. सुटा कागद बदलता येतो.

कलम एक. शेजारचे वकील या मृत्युपत्राची अंमलबजावणी करतील. त्यांना मी पंधरा वर्षं ओळखते, म्हणजे अजून नीट ओळखत नाही. पण दुसरा वकील म्हणजे पुन्हा नव्याने संशय घेणं आलं, आणि आता तेवढी ताकद नाही.

कलम दोन. कटिंग मशीन, लोखंडी प्रेस, शिवणाची चौकट, दाभणं आणि सुऱ्या खालच्या गल्लीतल्या बाइंडरला द्याव्यात. माणूस बरा आहे, हात बरा नाही. बाटलीतल्या गोंदाने पानं चिकटवतो आणि त्याला बांधणी म्हणतो. माझ्या खळीत मोरचूद किती घालते, हे तो कित्येक वर्षं आडून आडून विचारतोय. मोरचुदाने खळ जरा निळसर दिसते आणि पुस्तकाला कसर लागत नाही, एवढं त्याने समजून असावं. प्रमाण त्याला मिळणार नाही. हत्यारांत हाडाची पट्टी शोधू नये. कागदाची घडी बसवायची आणि चिकटलेले कागद न फाडता सोडवायची ती पट्टी माझ्या वडिलांची होती. वडील गेले त्याच आठवड्यात ती नाहीशी झाली. कोणी नेली ते मला माहीत आहे.

कलम तीन. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनमंडळ भरतं. तिथे दोन तऱ्हेच्या कादंबऱ्या चालतात. एक ख्रिस्ती, म्हणजे ज्यात माणसं चुकतात आणि शेवटी गुडघे टेकतात. दुसरी अद्भुत, म्हणजे ज्यात ड्रॅगन असतात आणि शेवटी तेही गुडघे टेकतात. मला दोन्ही जीव टाकून आवडतात, हसायचं त्याने हसावं. पुस्तक एकच असतं, ते घरोघर फिरतं, फाटलं की माझ्याकडे येतं, आणि मग एकेक जण उभं राहून अभिप्राय देतो. अभिप्राय कसले, कौतुकाचा नुसता पूर! अध्यक्ष आमच्या हेडबाई, शाळेतून निवृत्त झाल्या, बोलण्यातून नाही. "अहो, एका बैठकीत वाचून काढली! खाली ठेववेना! आणि शेवट? शेवट तर अप्रतिम!" हे त्या गेली कित्येक वर्षं प्रत्येक पुस्तकाला म्हणत आल्या आहेत.

एकदा 'मिठाची वेस' नावाची कादंबरी मी बांधून दिली. खळीचा थेंब चुकून शेवटाआधीच्या दोन समोरासमोरच्या पानांमध्ये पडला आणि ती एकमेकांना घट्ट चिकटली. मला पत्ताच नाही. पुस्तक अख्ख्या मंडळात फिरलं, त्यावर रग्गड बोलणं झालं, दोघींनी डोळे पुसले, आणि परत आलं तेव्हा पानं चिकटलेलीच! वाक्य मध्येच तुटतंय, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून माझा विश्वास उडाला तो उडालाच. मग मी प्रत्येक पुस्तकात मुद्दाम दोन पानं चिकटवायला लागले. हेडबाईंनी आजवर एकही सोडवलेलं नाही. मंडळाची जी पुस्तकं दुरुस्तीला माझ्याकडे आहेत, ती जशी आहेत तशी परत करावीत.

कलम चार. त्याच 'मिठाची वेस'वर पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून क्षमेचा उपदेश केला होता. "पाहा," म्हणाले, "त्या मुलीने शेवटी बापाला कशी क्षमा केली!" कुठली क्षमा? चिकटलेल्या पानांत ती मुलगी बापाच्या दारापर्यंत जाते, कडीला हात लावते आणि परत फिरते. पुढच्या पानावर ती एकदम म्हातारी झालेली आहे, तेव्हा मधलं साहेबांनी पदरचं घातलं. ती प्रत मी पानं सोडवून ठेवली आहे, ती त्यांना द्यावी. माझ्या दफनाच्या वेळी ते तिच्यावर पुन्हा बोलले तरी चालेल, पण आधी वाचून.

कलम पाच. माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, विम्याचा एजंट. दर पंधरा दिवसांनी येतो, छताकडे बघतो, भिंत ठोकून बघतो आणि म्हणतो, "मावशी, तब्येतीला जप गं." मी त्याला पुस्तक देते, दोन पानं चिकटवून. ते घेऊन जातो आणि परत आणताना म्हणतो, "मावशी, काय पुस्तक! डोळ्यांत पाणी आलं." पानं चिकटलेलीच. लबाड आहे, पण लबाडीत आळशी आहे.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकायची. 'काय पुस्तक' म्हणून झालं की तो आठवून आठवून आणखी एखादं वाक्य बोलायचा. "पण मावशी, ड्रॅगन बोलायला लागला तिथे गंमत गेली. गप्प होता तोवरच भीती वाटत होती." किंवा, "तो देवदूत जरा जास्तच वेळेवर येतो, नाही?" हे ज्या माणसाला बसची पाटी वाचताना ओठ हलवावे लागतात, तो बोलतोय! मी विचारलं, "आई वाचते का रे?" तर म्हणे, "छे! आई असली राक्षसांची पुस्तकं हातात धरत नाही. म्हणते, तुझी मावशी म्हातारपणी पोरकट झाली." मी तेव्हाच कान टवकारले.

भाच्याला मी त्याने आजवर वाहवा केलेली सगळी पुस्तकं देते. आता वाचायला वेळ मिळेल.

कलम सहा. अंथरूण, कपाट, भांडी आणि घड्याळ चर्चच्या वृद्धाश्रमाला. घड्याळ पुढे आहे, ते मुद्दाम पुढे ठेवलेलं आहे.

कलम सात. हेडबाईंना काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून त्यांना साक्षीदार केलं आहे.

कलम आठ. माझी धाकटी बहीण, घरात तिला ठकी म्हणत. वडील गेल्यावर हे घर माझ्या नावावर झालं, तेव्हा ती याच दारात उभी राहून म्हणाली, "ताई, बाबांचा हात धरून सही तूच करून घेतलीस." मी म्हटलं, "हात थरथरत होता म्हणून धरला. आणि हाडाची पट्टी कुठे गेली गं?" त्यावर ती गेली, ती गेलीच. त्याला बावीस वर्षं झाली. तिला हे मृत्युपत्र वाचायला द्यावं. झेरॉक्स नाही, फोटो नाही, मी शिवलेली हीच प्रत तिच्या हातात द्यावी, घरी नेऊ द्यावी, आणि तिने परत केल्यावर वकिलांनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी. एवढंच. घराचं कलम नववं आहे.

कलम नऊ. पानं सहा आणि सात.

ठके, तू हे वाचते आहेस म्हणजे तू पानं सोडवलीस. म्हणजे हाडाची पट्टी तुझ्याकडेच आहे. नखाने नाहीतर सुरीने पानं इतकी स्वच्छ सुटत नाहीत. बावीस वर्षं मी म्हणत होते ते खरं निघालं, आणि मला फार बरं वाटतंय.

मला कसं कळलं, ते सांगते. गेल्या थंडीत 'तिसऱ्या चंद्राचे पहारेकरी', भाग चौथा, पुठ्ठा बदलायला काढला. तुझ्या पोराने परत आणलेला. पानं चिकटलेली होती, पण खळ पांढरी. मोरचूद नाही. स्वयंपाकघरात शिजवलेली मैद्याची खळ. आणि टिपके तीन, कडेपासून बोटभर आत, मधला जरासा वर. तशी खळ बाबा लावायचे, मी लावते, आणि जगात तिसरं एकच माणूस लावतं. मग त्याने आणून दिलेली सगळी पुस्तकं काढली. सगळी, ठके! एकूण एक पुस्तकात कोणीतरी पानं सोडवून, वाचून, पुन्हा चिकटवली होती. मी वरून बघत होते, आतली खळ कधी बघितलीच नाही. पोकळ वाहवा त्याची, आणि ड्रॅगन तुझा, देवदूत तुझा.

आधी मला वाटलं, हा मायलेकांचा कट आहे, घरावर डोळा आहे. मग बसून विचार केला. कट असता तर पानं उघडी ठेवली असतीस. मीच म्हटलं असतं, बघा, माझा भाचाच तेवढा खरा वाचणारा, घर त्याला. चिकटवून तू स्वतःच्याच पोराचं नुकसान केलंस. का? हा 'का' डोक्यात घेऊन महिनाभर फिरले, दोन पुस्तकं उलटी बांधली. आणि एकदा कणा शिवताना बाबांचा आवाज कानात आला. "दुसऱ्याने बांधलेलं उघडलंत, तर होतं तसं करून द्या. आपला हात दिसता कामा नये." आपण दोघी स्टुलांवर बसलो होतो. तू पेंगत होतीस, असं मी आजवर धरून चालले होते. तू ऐकत होतीस.

ड्रॅगनबद्दल तुझं बरोबर आहे. देवदूताबद्दल साफ चूक. तो वेळेवर येत नाही, त्याला आधीच यायचं होतं, तो दाराबाहेर उभा होता, हे आठव्या प्रकरणात आहे, परत वाच. यावर भांडायला मला तू हवी होतीस गं. मंडळात भांडायला माणूस नाही, सगळे माना डोलावतात. घरी येऊन मी एकटीच तुझ्या बाजूने बोलते आणि एकटीच माझ्या बाजूने.

मग येऊन का नाही बोललीस, असं विचारशील. आले होते. तुझ्या दाराच्या कडीला हात लावला होता. आतून तू म्हणालीस, "कोण आहे?" मला वाटलं, हिला पक्कं माहीत आहे कोण आहे ते, मुद्दाम विचारते. आणि मी परत फिरले. हे पाळकसाहेबांना सांगू नकोस, त्यावर उपदेश करतील.

म्हणून लिहिते की, तळमजल्यावरचं दुकान, वरच्या दोन्ही खोल्या आणि मागची पडवी, असं हे सगळं घर माझ्यामागे माझ्या धाकट्या बहिणीच्या एकटीच्या मालकीचं होईल. पोरगा विक म्हणेल. ऐकू नकोस. मोरचूद, वाटीभर मैद्याला एक चिमूट, चिमूट बाबांच्या बोटांची, म्हणजे आपल्या दीड. हे कोणाला सांगू नकोस. पट्टी तुझ्याकडेच राहू दे.

उद्या सकाळी वकील आणि हेडबाई सह्या करायला येतील. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं म्हणजे झालं, मजकूर वाचलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलंय. तरी मी दोघांना सांगणार आहे, निवांत वाचा, मी चहा टाकते. कलम तीनमध्ये हेडबाईंना इतकी नावं ठेवली आहेत की त्या वाचतील तर उठून जातील, आणि मला दुसरा साक्षीदार शोधावा लागेल. मला तशी काळजी वाटत नाही. शाई वाळली की आज रात्रीच ही पानं मी चिकटवते, खाली दोन्हीकडे माझी सही आहे.

आता नीट ऐक. वाचून झालं की तुझा हात शिवशिवेल. बाबांचं सांगणं मलाही पाठ आहे. पण तू पुन्हा चिकटवलंस, तर वकिलांना हे कलम दिसणार नाही, आणि कलम दहाप्रमाणे घर मंडळाच्या घशात जाईल. तुझा हात एकदा तरी दिसू दे. ठके, या वेळी पुन्हा चिकटवू नकोस.

कलम दहा. वरील कलमांत ज्याची व्यवस्था झालेली नाही असं जे काही उरेल, मग ते कितीही मोठं असो, ते वाचनमंडळाला मिळेल.

हे मी समजून उमजून, शुद्धीवर असताना, कोणावरही फारसा विश्वास न ठेवता लिहून दिलं आहे.

ठिकाण: राहतं घर, दुकानातलं खिडकीजवळचं टेबल.
तारीख: नऊ मार्च.
सही: (स्वतःची, हात न धरता)

साक्षीदार पहिला, शेजारचे वकील, सही. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत तपासला, कुठेही त्रुटी नाही.

साक्षीदार दुसऱ्या, वाचनमंडळाच्या अध्यक्ष, सही. बाईंनी आग्रह केला म्हणून दोन शब्द लिहिते. एका बैठकीत वाचून काढलं, खाली ठेववेना. आणि शेवट तर अप्रतिम!