शिरपेच गेला, खोली राहिली

प्रिय बाईसाहेब,

काल तुमच्या पुतण्याने शिरपेच अकोल्याला नेला. मीच आणून दिला. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगावं, म्हणून लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे. पोथी समोर धरून एकटीच शिकले, सरळ कुठून येणार?

आठवतं का? सातासमुद्रापार कुठेशी लढाई पेटली आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बाजारात गाडीला गाडी लागलेली. सरकी काढायला आलेली एक बाई गाडीखालीच बाळंत होताना तुम्ही पाहिलीत. मेणा तिला दिलात आणि स्वतः चालत घरी आलात. देशमुखांची सून, भर बाजारातून पायी!

त्याच संध्याकाळी पुढची बैठक बाळंतिणींसाठी उघडलीत. तिथल्या कोनाड्यात घराण्याचा शिरपेच होता. निजामाच्या दरबारातून पूर्वजांना मिळालेला. मधे पाचू, भोवती माणकं, खाली टपोरा मोती. दसऱ्याशिवाय तो जागचा हलवायचा नाही, ही घरची रीत. दिवाणजी म्हणाले, आता तरी हलवा, इथे विटाळ होईल. तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत.

"दरबारात राहिला थो. बाईच्या वरडण्याले भिते का?"

त्या बायांना दरबार काय ठाऊक? कोनाड्यात काही लखलखतंय, म्हणजे देवीच! बाळाच्या पाचवीला रखमा सुईण शिरपेचालाही हळदकुंकू लावू लागली. आपण दोघी विधवा, दाराआड उभ्या. ही देवी नव्हे, असं मी सांगायला निघाले, तर तुम्ही माझा पदर धरलात. का धरलात, ते कधी बोलला नाहीत. पुढे माणकांच्या खाचांत कुंकू बसलं, पाचू पिवळा दिसू लागला. दसऱ्याला मुजऱ्यासाठी आलेले मानकरी नाकं मुरडत, आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसत होतात.

पण बाईसाहेब, एवढं केलंत, तर ही खोली बायांची आहे असं चार माणसांत का नाही बोललात? रागावू नका. तुमचा तेरावा झाला आणि पुतणे कापसाच्या गाठी घेऊनच दारात आले. खोली हवी, शिरपेचही हवा. अकोल्याला गोऱ्या साहेबांचा दरबार आहे, तिथे पागोट्याला लावायचा होता.

आत भागी नावाची पोर कळा देत होती. सुवेराच्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नाही, ते तुमच्या पुतण्यालाही चुकलं नाही. मोठमोठ्याने बोलत होते, पण उंबऱ्याबाहेरूनच. रखमा आडवी बसली होती: देवी न्यायची नाही. तेव्हा मला सुचलं. मी म्हटलं, "शिरपेच मी आणून देते, मालक. पण आधी बेलभंडार उचलून शपथ घ्या, की या खोलीत कापूस येणार नाही."

सगळे गाडीवाले ऐकत होते. मालकांनी बेलभंडार उचलला. मी रखमाला ओलांडून आत गेले, शिरपेच पदरात घेतला आणि बाहेर नेऊन दिला. तुमची म्हणून ती एकच वस्तू त्या खोलीत उरली होती.

रखमा म्हणाली, "देवी देल्ली अन् भिंती ठेवल्या तुनं, गोदे." अजून माझ्याशी बोलत नाही.

दिवेलागणीला भागीला मुलगी झाली. रखमाची कुरकुर चालूच होती. भागी पडल्या पडल्या तिला म्हणाली, "मावशी, देवी जाईन तिकडं सुखी राहीन. मले पाठ टेकाले जागा पायजे होती."

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? विचारायला तुम्ही नाही, हेच रोज नव्याने कळतं.

मी आहे तोवर या खोलीत बाळंतिणीच येतील. आणि माझ्यामागे कोणी पाहायचं, ते मी चार माणसांत मोठ्याने सांगून ठेवीन. तुमच्यासारखं मनात ठेवणार नाही.

तुमची,
गोदा